साधनाचे दार होते तेव्हा



या लेखाची सुरुवात मला एका कबुलीने करावी लागत आहे. दुसऱ्यांच्या चुका मोठ्याने सांगाव्यात आणि स्वतःच्या हळूच झाकाव्यात, अशी सवय आम्हां व्यासपीठावर उभे राहणाऱ्यांना लागते. पण ही गोष्ट झाकली तर पुढचे काही लिहिण्याचा मला अधिकारच राहत नाही.

गेल्या पावसाळ्यातील, जुलै महिन्यातील एक शुक्रवार. आमच्या मंडळीची सायंप्रार्थना मंदिरात सहा वाजता ठरलेली होती. बेळगावचा जुलै ज्यांना ठाऊक आहे त्यांना पावसाचे वर्णन नको. सकाळपासून मंदिराच्या मागल्या अंगाची कौले गळू लागली, बाके भिजली, म्हणून मी प्रार्थना एका सभासदाच्या घरी हलवली. ते घर तेथून तीनएक किलोमीटर दूर. मोबाइलवर मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅपचा गट आहे, त्यात दुपारी साडेबारा वाजता निरोप टाकला. दहा मिनिटांत जोडलेल्या हातांची चित्रे येऊ लागली, कोणी ‘आमेन’ लिहिले. मला मोठे समाधान वाटले. पूर्वी एवढ्याशा निरोपासाठी मंदिराच्या शिपायाला सायकलवर अर्धा दिवस फिरावे लागे. संध्याकाळी घर भरून गेले. त्या दिवशीचा माझा शास्त्रभाग लूकचा पंधरावा अध्याय होता. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्याच्या शोधार्थ जाणाऱ्या मेंढपाळावर मी पाऊण तास बोललो आणि लोकांना ते आवडले.

नेमक्या त्याच पाऊण तासात आमच्या मंडळीच्या एक आजी मंदिराच्या बंद दाराशी पायरीवर बसून होत्या. सहाच्या आधी आल्या आणि साडेसातला उठून गेल्या. समोरच्या दुकानदाराने मला हे रविवारी सांगितले; तो ख्रिस्ती नाही. “म्हातारीला मी म्हटलं, आज कोणी येत नाही वाटतं. तर म्हणाली, येतील, उशीर झाला असेल.”

मी आजींच्या घरी गेलो. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला सोपे गेले असते. म्हणाल्या, “मला वाटलं प्रार्थनाच बंद पडली की काय. तुम्ही सगळे त्याच्यात बोलता म्हणे. मी त्याच्यात नाही की रे बाबा.”

मी त्याच्यात नाही. घरी येईपर्यंत हे तीन शब्द माझ्या मागे येत राहिले. मंडळीच्या नोंदवहीत या बाईंचे नाव माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, मुलांचे बाप्तिस्मे, यजमानांचे दफन, सर्व त्या एका जाड वहीत. पण आमच्याकडे आता दुसरीही एक वही झाली आहे. ती कोणी ठराव करून उघडलेली नाही. ती प्रत्येकाच्या खिशात आहे, आणि मंडळीचा खरा व्यवहार त्या वहीत चालतो. आजींपाशी मुलाने पाठवलेला एक बटणांचा फोन आहे. हिरवे बटण दाबले की मुलाचा आवाज येतो, एवढेच त्यांना त्यातले ठाऊक. दुसऱ्या वहीत नाव येण्यास तेवढे पुरत नाही.

हे लिहिताना मी स्वतःला एक प्रश्न विचारला, आणि तो वाटला तितका सोपा निघाला नाही. माझ्या हातून नेमके चुकले काय? माझ्याजवळ फोन आहे आणि आजींजवळ तसला नाही, हे पाप म्हणावे काय? एकाकडे वस्तू असणे आणि दुसऱ्याकडे नसणे, एवढ्यानेच अन्याय ठरत असेल तर ज्याच्या घरी सायकल आहे तो प्रत्येक जण अपराधी ठरेल. पवित्र शास्त्र असे म्हणत नाही. अब्राहाम गुराढोरांनी, सोन्यारुप्याने संपन्न होता.

याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आपण रविवारच्या शाळेत पुष्कळदा शिकवतो. सभेत एक मनुष्य सोन्याची अंगठी व उंची वस्त्रे घालून येतो आणि एक दरिद्री मळक्या वस्त्रांनी येतो. धनवानाला चांगली जागा मिळते, गरिबाला उभे राहण्यास किंवा पायांशी बसण्यास सांगतात. हा भाग मी अनेक वेळा शिकवला आहे, पण एक गोष्ट या प्रसंगानंतरच माझ्या ध्यानात आली. जागा देण्याच्या या प्रसंगात याकोब अंगठीवाल्याला एक शब्दही बोलत नाही (धनवानांचा समाचार तो नंतर घेतो, पण तो वेगळ्या कारणासाठी). त्याचा सारा रोख जागा दाखवणाऱ्यांवर आहे. सभा सर्वांची होती. त्या सर्वांच्या जागेत कोण कोठे बसेल हे ज्याने अंगठी पाहून ठरवले, तो दोषी.

माझ्या अल्प बुद्धीला यातून एक भेद सुचतो. साधन निराळे आणि दार निराळे. जुन्या पायऱ्यांच्या विहिरी आपण पाहिल्या आहेत. ज्याच्यापाशी दोर आणि पोहरा आहे तो काठावरून पाणी शेंदतो. ज्याच्यापाशी नाही तो पायऱ्या उतरून घागर भरतो. शेंदणाऱ्याचे पाणी लवकर निघते, त्याचे गुडघे दुखत नाहीत. यात कोणावर अन्याय नाही. पण उद्या गावचे पंच म्हणाले, आता बहुतेकांकडे दोर आहेत, पायऱ्यांची डागडुजी कशाला करायची, बुजवून टाका, तर दोर नसलेल्याची काय गत? विहीर सार्वजनिकच राहिली, पाणीही तेवढेच, त्याला कोणी नको म्हटले नाही. तरी तो तहानेला राहिला. दोर हे साधन होते. पायऱ्या बुजल्या त्या दिवशी ते दार झाले. मी मंदिराच्या दारावर चार ओळींचा कागद चिकटवला असता तरी पायऱ्या शाबूत राहिल्या असत्या. पण मला त्याची आठवणही झाली नाही, आणि माझी चूक तेथेच आहे.

डिजिटल दरी हा शब्द अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येतो. दरी म्हटले की ती निसर्गानेच पाडलेली असावी, असे वाटते. दार मात्र कोणी तरी बसवलेले असते आणि कोणी तरी लावलेले असते. म्हणून मला दार हा शब्द अधिक खरा वाटतो.

आता मंडळीबाहेर पाहू. मार्च २०२० मध्ये देशभरातील शाळा बंद झाल्या, आणि लहान वर्गांच्या तर कित्येक ठिकाणी दीड वर्षाच्या आसपास बंदच राहिल्या. शिक्षण फोनवर गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे १४०० गरीब घरांतील मुलांची पाहणी केली. खेड्यांतील शेकडा ८ व शहरांतील शेकडा २४ मुले फोनवर नियमित शिकत होती. खेड्यांतील शेकडा ३७ मुले तर काहीच शिकत नव्हती. याच पाहणीतील आणखी एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. ज्या घरांत स्मार्टफोन होता त्या घरांतूनसुद्धा नियमित शिकणारी मुले शहरात शेकडा ३१ आणि खेड्यात १५ एवढीच होती. कारण फोन घराचा असला तरी तो बापाबरोबर कामावर जात असे. ‘आता घरोघरी फोन आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा घर म्हणजे कोण, हे विचारायचे राहून जाते. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया शेकडा ५४ होत्या. इंटरनेट कधी तरी वापरलेले पुरुष शेकडा ५७, तर स्त्रिया ३३. तेव्हापासून फोन वाढले आहेत, यात शंका नाही. पण घरातील एकच फोन आधी कोणाच्या हातात जातो आणि शेवटी कोणाच्या, हा क्रम तितक्या लवकर बदलत नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी येथे थोडे थांबावे, कारण त्या काळात आपणही हेच केले. आमच्या शाळेने फोनवर वर्ग घेतले आणि ते अखंड चालवले याचा आम्हांला अभिमान होता. वार्षिक अहवालात तसे वाक्यही आहे. पण हजेरीपटावरील निम्म्याहून अधिक मुले त्या वर्गांत कधी दिसलीच नाहीत, ही ओळ अहवालात नाही. पाठांतराची स्पर्धा घेतली तीही अशी, की वचन म्हणतानाची चित्रफीत पाठवावी. बक्षिसे कोणाला मिळाली? ज्यांच्या घरी चांगला फोन होता, मागे लावायला स्वच्छ पडदा होता आणि चार वेळा पुन्हा म्हणवून घेण्याइतकी सवड आईला होती, त्यांना. त्या मुलांचा यात काही दोष नाही. त्यांनी मन लावून पाठ केले होते. पण शाळा पुन्हा भरली तेव्हा एक मुलगा मागच्या बाकावर बसू लागला. गाण्याच्या वेळी तो ओठ हलवी आणि पुस्तक उलट धरी. पूर्वी तो जोडाक्षरे सोडून बाकी सारे वाचत असे. आम्ही वर्ग बंद पडू दिला नाही हे खरे. फक्त तो कोणासाठी चालू होता, हे पाहिले नाही.

सरकारी दारांविषयी थोडक्यात लिहितो. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत ज्यांनी हात झिजवले, ज्या बायांनी लोकांची भांडी घासून बोटे गुळगुळीत केली, त्यांचा अंगठा रेशनच्या यंत्राला ओळखू येत नाही, आणि ओटीपी ज्या क्रमांकावर जातो तो फोन मुलाबरोबर परगावी गेलेला असतो. २०२३ साली कर्नाटकात गृहलक्ष्मी योजना आली, घरातील कर्त्या बाईला महिन्याला २००० रुपये देणारी. चांगली योजना. पण खाते आधारला जोडलेले नाही म्हणून पैसे अडले, की ते कोठे अडले हे सांगणारा निरोप इंग्रजीत नाही तर कन्नडात येतो, आणि घरात फक्त मराठी वाचणारी बाई तो शेजारच्या कॉलेजातल्या मुलाकडे घेऊन जाते. मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांची लसनोंदणी प्रथम केवळ पोर्टलवर ठेवली होती. ज्यांना ते जमत नाही त्यांनी काय करावे, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयानेच त्या महिन्याच्या अखेरीस विचारला. पुढे तो नियम सैल झाला. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी त्याच न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जीवनाच्या हक्काचाच भाग आहे असा निर्णय दिला. ते प्रकरण कशावरून निघाले हे वाचून मी काही वेळ पुढे वाचूच शकलो नाही. अ‍ॅसिडच्या हल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या एका स्त्रीला बँकेत खाते उघडायचे होते, आणि आपण जिवंत आहोत हे दाखवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटून उघडाव्या लागत होत्या. तिला ते शक्य नव्हते. ती समोर बसलेली होती. बोलत होती. तरी जिवंत असल्याचा पुरावा नव्हता.

येथे माझे काही मित्र म्हणतील, आणि कमिटीत म्हणालेही, की तुम्ही यंत्राच्या विरुद्ध बोलू लागलात. तसे नाही. आमच्या मंडळीतील एक अंध बंधू आता स्वतःच्या फोनवर संपूर्ण शास्त्र ऐकतात. पूर्वी कोणी वाचून दाखवील तेव्हाच. आखातात नर्स असलेल्या मुलीचा चेहरा आई रोज रात्री पाहते. भाजीवालीला सुट्या पैशांवरून भांडावे लागत नाही. पूर्वी विधवेच्या पेन्शनमधून हातोहात जे गळत असे ते आता खात्यात थेट जमा होत असल्याने बरेच थांबले आहे. पायऱ्या बुजवू नका म्हणणारा माणूस दोर जाळा म्हणत नसतो.

दुसरे म्हणणे असे, की वृद्धांना व गरिबांना शिकवा म्हणजे झाले. शिकवावे, अवश्य शिकवावे. आमच्या तरुण संघाने दोन शनिवार तसा वर्गही घेतला. पण शिकेपर्यंत बाहेर उभे राहायचे काय? या बाबतीत आपल्या मराठी मंडळ्यांचा स्वतःचा एक अनुभव आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत असे मला वाटते.

छापील पुस्तक हेही एके काळी असेच नवे यंत्र होते. विल्यम केरी यांच्या श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली मराठी नवा करार निघाला. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस पोहोचले. १८४२ साली अहमदनगरहून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरहून, ‘ज्ञानोदय’ निघू लागला. छापील वचन आले खरे, पण वाचणार कोण? त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९०१ च्या जनगणनेतसुद्धा, या देशातील साक्षर स्त्रिया शेकडा एकही नव्हत्या. म्हणजे छापखान्यानेही एक दार तयार केले होते: आत वाचता येणारे, बाहेर न येणारे. त्या वेळच्या मंडळीने काय केले? शाळा काढल्या, हे आपण अभिमानाने सांगतो. मुंबईत मुलींची शाळा १८२४ सालीच निघाली. पण शाळेच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट केली, तिला आपण कमी लेखतो. आधी वाचायला शिका, मग वचन ऐका, असे कोणालाही म्हटले नाही. वचन माणसांच्या तोंडून पाठवले. ख्रिस्ती कीर्तने झाली. आणि घरोघर बायबलबाई गेली.

आमच्या पिढीने बायबलबाई शेवटच्या पाहिल्या असतील किंवा नुसत्या ऐकल्या असतील. पांढरे लुगडे, काखेत शास्त्र, हातात छत्री. पुष्कळ जणी स्वतः विधवा, थोडे शिक्षण, थोडा पगार. ज्या बाया उंबरठ्याबाहेर पडू शकत नव्हत्या त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ही बाई वाचून दाखवी, पत्र आले असेल तर तेही वाची, आणि जाताना घरात कोण आजारी आहे हे पाळकसाहेबांना सांगे. तिच्यामुळे छापील पुस्तकाचे दार झाले नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या अखेरीस मूळ भाषांवरून सगळे शास्त्र सोप्या मराठीत उतरवले, १९२४ साली केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनीच ते छापून पूर्ण केले, त्यामागेही साध्या बाईला कळावे हीच तळमळ होती. विद्वत्तेने त्यांना कमी नव्हते. अवघड मराठी लिहिणे त्यांना सहज जमले असते. ज्याच्याजवळ आहे त्यानेच खाली उतरून वाकायचे, हा त्यातला क्रम आहे. आपण मात्र आज तो उलटा करून आजींना वर चढायला सांगतो.

आता अशा एकाविषयी, जो फोनच्या बाहेर नाही, उलट पुरता आत आहे. आमच्या मंडळीतील एक तरुण घरपोच जेवण पोहोचवण्याचे काम करतो. त्याच्याजवळ चांगला फोन आहे. फोनच त्याचा मुकादम आहे. कोणते काम मिळेल, किती मिळेल, उशिराबद्दल काय होईल, सर्व त्यातच ठरते. रविवारी मागणी जास्त, त्या दिवशी ठरावीक खेपा पूर्ण केल्या तर वरकड पैसे. म्हणून तो सात-आठ महिने उपासनेस आला नव्हता. मी जरा उपदेशाच्या सुरात त्याला विचारले. तो म्हणाला, “सर, पूर्वी मी ज्या दुकानात होतो तिथले शेठ कडक होते, पण हातापाया पडलं तर नाताळला सुट्टी द्यायचे. आता पाया कोणाच्या पडू?” नंतर थोडे हसून म्हणाला, “गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर तुमच्याच गल्लीत दोन बिर्याणी दिल्या.”

एक पार्सल माझ्या घरी आले होते. त्याने आणले नव्हते, दुसऱ्या कोणी तरी आणले होते. त्याने पावसात दारावर उभे राहून पिशवी दिली, मी दार लोटून घेतले. त्याचे तोंड मला आठवत नाही.

विसाव्याच्या दिवसाची आज्ञा आपण पाठ म्हणतो. पण ती आज्ञा फक्त मी विसावा घ्यावा एवढी नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात आणि अनुवादाच्या पाचव्या अध्यायात दास, दासी, गुरे, वेशीच्या आतला परका, हे सर्व त्यात घातले आहेत. आणि अनुवादात कारण दिले आहे ते असे, की तूही मिसरात दास होतास हे आठव. ज्याचा विसावा दुसऱ्याच्या धावपळीवर उभा आहे त्याने आज्ञा पाळली काय? बिर्याणी मागवणे पाप आहे असा नियम मला करायचा नाही. मागवली नाही तर त्या तरुणाच्या खेपा कमी होतील, हेही मला कळते. या प्रश्नाचे नीटसे उत्तर माझ्याजवळ नाही. एवढे मात्र दिसते, की पूर्वी धन्याला तोंड होते आणि त्याच्या तोंडावर आमोस संदेष्टा उभा राहू शकत होता. आता धनीही दिसत नाही आणि दासही दिसत नाही; मध्ये एक काच आहे, आणि दोन्ही बाजूंच्या माणसांना वाटते की हे काचच करते. राजस्थानने २०२३ साली व कर्नाटकाने २०२५ साली अशा कामगारांसाठी कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात तर कामावरून काढण्याआधी कारण सांगावे व पूर्वसूचना द्यावी असेही आहे. काचेमागे कोणी तरी माणूस असला पाहिजे आणि त्याने उत्तर दिले पाहिजे, एवढे तरी कायद्याला मान्य झाले. मंडळीने ते कायद्याच्या आधी म्हणायला हवे होते.

अर्पणाबद्दलही लिहायचे राहिले. आमच्या मंदिरात दाराशी क्यूआरचा फलक लागला आहे. सोय आहे, हिशोब चोख राहतो, खजिनदार खूश आहेत. पण थैली आता दोन बाकांआड लवकर लवकर फिरवतात, कारण बहुतेकांनी ‘आधीच केलेले’ असते. लुगड्याच्या गाठीतून दहाची नोट सोडवायला वेळ लागतो, आणि थैली धरणारा मुलगा उभ्या उभ्या चुळबुळ करतो. मंदिराच्या भांडारात कोण काय टाकते ते प्रभूने पाहिले, असे मार्क व लूक दोघेही सांगतात. दोन दमड्या टाकणाऱ्या त्या विधवेला रांगेत उभे राहायला तेथे निदान जागा होती.

तर आजींच्या प्रसंगानंतर मी हे सर्व कमिटीपुढे मांडले. एक पंच म्हणाले, “असे किती असतील? चार-पाच.” दुसरे म्हणाले, तेवढ्यांसाठी निराळी व्यवस्था परवडणार नाही. मला राग आला, पण खरे सांगायचे तर माझाही अंदाज तेवढाच होता. मग मी मंडळीची जुनी नोंदवही काढली, फोनच्या गटाशी एकेक नाव ताडून पाहिले, आणि तीन रविवार दुपारी घरोघर गेलो. सतरा नावे निघाली. त्यांपैकी एकापुढे मीच दोन वर्षांपूर्वी ‘परगावी’ असे लिहिले होते. ते गृहस्थ परगावी गेलेच नव्हते. मंदिरापासून चौथ्या गल्लीत, मागच्या खोलीत, पक्षाघाताने अंथरुणाला खिळून होते. प्रभूभोजन घेऊन त्यांना दोन वर्षे झाली होती. मला पाहून ते रडले, आणि त्यांची सून मात्र सरळ म्हणाली, “आम्हाला वाटलं, मंडळीनं नाव कमी केलं.”

सध्या असे ठरले आहे, की दर गुरुवारी सूचनांचा कागद मंदिराच्या दारावर लागावा आणि रविवारच्या शाळेतील मोठ्या मुलांनी दोघादोघांनी जाऊन या सतरा घरी चिठ्ठ्या पोहोचवाव्यात, बसावे, घरात काही कागद, काही निरोप असेल तर वाचून दाखवावा. चिठ्ठी टाकून पळू नये असे त्यांना बजावले आहे. कधी पावसाने, कधी परीक्षेने खाडा होतो. एका मुलाच्या आईने तक्रार केली की अभ्यास बुडतो; तिचेही खोटे नाही. मागच्या बाकावरचा तो ओठ हलवणारा मुलगा आता अशाच एका जोडीत आहे. जोडीदार वाचतो, हा छत्री धरतो. अलीकडे पत्त्याची पाटी तोच आधी वाचतो म्हणे.

परवाच्या गुरुवारी मुले परीक्षेमुळे आली नाहीत म्हणून मी स्वतः निघालो. आजी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, चिठ्ठी अक्षर न् अक्षर वाचली, घडी करून शास्त्रात ठेवली. मग म्हणाल्या, “पलीकडच्या वाड्यात ती शिवणकाम करणारी पोर राहते, नवऱ्यानं टाकलेली, तिला दिलीस काय रे मास्तर? तिचा फोन नवरा घेऊन गेला. ती पण त्याच्यात नाही.”

मी यादी काढून पाहिली. तिचे नाव सतरा जणांत नव्हते. फोनच्या गटात मात्र होते, आणि माझ्या प्रत्येक निरोपाखाली, तो तिला पोहोचला असल्याची खूणही दिसत होती.